उंदराच्या हातावर दही

विमलबाई गेली तव्हा वस्तीवर पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. ती उंदरात सापडली म्हणून गावात बोंब उठली, तवर तोच टँकर आठवड्यातून एकदा यायला लागलता.

बोंब उठवली ती चेअरमन सुंदररावानं. नेकनूरच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर दूध सोसायटीची पत्र्याची खोली हाय. चांगल्या सालात तिथं सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. आता सगळ्या वस्तीचं दूध मिळून एक कॅन भरत नव्हता. जनावरं चाऱ्याच्या छावणीत, माणसं सावलीत, अन् सावली फक्त सोसायटीच्या पत्र्याखाली. म्हणून दूध नसलं तरी माणसं जमायचीच.

रामकिसननं, म्हणजे विमलबाईच्या नवऱ्यानं, आपलं साधंच सांगितलं, "पुण्याकडून फोन आलता. दवाखान्यात हिच्या रक्तातलं थोडं घेतलं व्हतं ना, ते त्यांनी उंदरात सोडलं म्हणं. तिथं वाढायलंय. जितं हाय अजून."

सुंदररावानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली.

"म्हणजे वहिनीला उंदराचा जन्म आला म्हण की! आता कणगीला भोक पडलं तर काठी उचलू नकोस बे रामकिसन, आधी नाव इचारत जा."

माणसं हसली. रामकिसनबी हसल्यासारखं करून खाली बघायला लागला.

छबू तिथंच दूध मापत व्हती. विमलबाईची लेक, सतरा वर्षांची. नववीत मास्तरानं आईवरून एक शब्द काढला, हिनं त्याला दोन काढले अन् दप्तर तिथंच टाकून घरी आली, ती परत गेलीच न्हाई. डोळा असा की कोणाच्या दुधात पाणी हाय ते धार बघूनच सांगायची. अन् राग असा की सांगायची ते सगळ्यांपुढं.

हातातलं माप तिनं दुधासकट फेकलं. ते सुंदररावाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलं. दूध खाली वघळलं. हसणं थांबलं, पर ते छबूला भिऊन न्हाई. दुष्काळात सांडलेल्या दुधाकडं बघून थांबलं. एक कुत्रं आलं, फरशी चाटून गेलं, त्याला कोणी हाड म्हणलं न्हाई.

"पोरीला आवर," सुंदरराव म्हणला.

"आधी तुमी तोंड आवरा, चेअरमन," छबू म्हणली अन् निघाली.

घरी आल्यावर तिनं बापाला धरलं. "दादा, तुमी दिलंच कावून? आईचं रक्त काय रस्त्यावर पडलं व्हतं?"

"म्या न्हाई दिलं. तिनंच दिलं. म्या नुसता अंगठा लावला."

"कव्हा? मी कुठं व्हते?"

"तू नर्ससंगं भांडायलतीस, तव्हा," रामकिसन हळूच म्हणला. "फोनवरची म्याडम म्हणली, नको वाटलं तर कव्हाबी सांगा, बंद करू. म्हणजे ते उंदीर... संपवतील."

"मंग सांगा की."

"तूच सांग जाऊन. माझी जीभ उठंना."

त्या भांडणाचं नाव निघालं की छबू तिथून उठायची. ते कशापायी झालतं ते कळायचं तर विमलबाईचं दही कळायला पाहिजे.

विरजण रोज लावावं लागतं. एक दिवस दूध मिळालं न्हाई की ते तुटतं, अन् तुटलं की शेजारणीकडून आणायचं. दुष्काळात शेजारणीचंबी तुटतं. सगळ्या वस्तीत एकट्या विमलबाईचं विरजण कधी तुटलं न्हाई. गाय आटली तर ती छावणीत जाऊन कोणाच्याबी जनावराची वाटीभर धार मागून आणायची, स्वतः कोरा चहा प्यायची, पर विरजण जागवायची. बाया यायच्या वाटी घेऊन. दिवे लागायच्या आत या, एवढंच तिचं म्हणणं. दिवे लागल्यावर ती विरजण द्यायची न्हाई, मंग समोर कोणीबी असो.

अन् घराबाहेर कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही ठेवायचं, हे तर तिचं व्रतच. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या ट्रका भरायच्या, तव्हा विमलबाई भांडं घेऊन फाळक्याजवळ उभी. वरून हात खाली यायचे, लहान, मोठे, भेगाळलेले. हरेकाच्या हातावर चिमूटभर दही, वर साखर असली तर साखर. "खा अन् जा. माघारी या." तिच्या हातचं दही खाऊन गेलेला माणूस माघारी येतोच, असं वस्ती मानायची. सुंदररावबी सोसायटीच्या निवडणुकीचा फार्म भरायला जाताना हात पुढं करून उभा राह्यलाता.

ती स्वतः दवाखान्यात निघाली, तव्हा मात्र तिच्या हातावर कोणी काही ठेवलं न्हाई. नाकातून रक्त थांबंना, सोसायटीची जीप दारात, सगळी पळापळ. रक्ताचा कॅन्सर, डॉक्टर म्हणले. छबू दुसऱ्या फेरीत डबीत दही घेऊन गेली. हळदीकुंकवाची असते तसली स्टीलची डबी. नर्सनं दारातच अडवलं. "दही चालणार नाही." छबूनं दवाखाना डोक्यावर घेतला. दही काय इष हाय का? तिच्या हातचं खाऊन सगळा तालुका जगला! नर्स हटली न्हाई. आत विमलबाई पडल्या पडल्या म्हणली, "राहू दे गं. माघारी आल्यावर खाऊ."

ती माघारी आली न्हाई.

तव्हापासून विरजण छबू लावती. रोज. रागानं लावती, पर लावती.

दुसऱ्या दिवशी गावोगावचं सकाळचं दूध गोळा करून मोठा टँकर पुण्याकडं निघाला, तव्हा छबू केबिनमध्ये बसलेली. ड्रायव्हर कय्युमचाचा, बीडचा. विमलबाईच्या हातचं दही खाल्ल्याबिगर त्यानं कधी गिअर टाकला नव्हता.

"डबीत काय हाय बेटी?"

"विरजण. घरी ठेवलं तर दादा इसरतेल. तुटंल."

ते खरं व्हतं, पर अर्धंच. रात पडल्यापासून तिच्या डोक्यात एक घुसलं व्हतं. उंदराला संपवायचंच हाय, म्हणजे आईला दुसऱ्यांदा जायचंच हाय. तर ह्या बारीला ती हातावर दही घेतल्याबिगर जाणार न्हाई. एकदा चुकलं ते चुकलं.

कय्युमचाचानं आरशातनं तिच्याकडं बघितलं अन् पुढं काही इचारलं न्हाई. दोन्ही बाजूंनी रानं नुसती भाजून पडलेली. घाट उतरून नगर मागं पडलं, तसा कुठं कुठं हिरवा ऊस दिसायला लागला. छबूनं त्याच्याकडं बघून तोंड फिरवलं.

ती इमारत पुण्याच्या अलीकडं, माळावर. बाहेरून सोसायटीच्या गोदामासारखी, पर खिडकी एकबी उघडी न्हाई. कय्युमचाचा "दिवस मावळताना येतो" म्हणून डेअरीकडं गेला. दारात एक पोरगी उभी व्हती, पांढरा कोट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पंचवीस-तीसची असंल.

"छबू ना? वडिलांनी कळवलं होतं. मी आमिना. फोन मीच केला होता."

"बंद करायचं सांगायला आलेय," छबू म्हणली. नमस्कार न्हाई, पाणी न्हाई, थेट.

आमिनानं मान हलवली. "करू. तुमचा हक्क आहे तो. पण आधी बघणार का?"

"तेच तर बघायला आलेय. कसल्या बिळात ठेवलंय माझ्या आईला."

"बीळ?" आमिना एकदम हसली अन् तिची बोली घसरली. "अगं बाई, मी सिरसाळ्याची. बाप माझा बाजारात केळी इकतो. जलमात आमच्या घराला एवढं सोच्छ न्हाई ठेवलं, जेवढं ह्यांना ठेवती. चल."

आत जायच्या आधी अंघोळ. छबूला वाटलं चेष्टा करायली. पर खरंच अंघोळ, साबणानं, केसावरून. पाणी बदाबदा. छबू त्या धारेखाली उभी राह्यली अन् तिला रडू आलं. आईचं न्हाई, पाण्याचं. वस्तीवर घागरीसाठी बाया एकमेकीच्या झिंज्या धरत्यात, अन् हितं उंदराच्या भेटीला जायचं म्हणून एवढं पाणी मोरीत. मंग तिला भडकून आलं. मंग डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, पायात पिशव्या. कापडं बदलताना तिनं डबी अंगरख्याच्या आत, कमरेला खोचली. तिथं लिहिलं व्हतं, बाहेरची वस्तू आत न्यायची न्हाई. डबी काय वस्तू हाय व्हय, ते तर दही हाय.

दोन दारं. एक लागल्याबिगर दुसरं उघडत न्हाई. दुसरं उघडलं अन् छबू उंबऱ्यातच थांबली.

खोलीभर पारदर्शक पेट्या, मांडणीवर मांडलेल्या, वर छतापस्तोर. हरेक पेटीला आपली वेगळी हवा, बारीक नळीतून येणारी. सगळीकडून एकच घुमणारा आवाज, देवळाच्या गाभाऱ्यात कान बंद केल्यावर येतो तसा. अन् पेट्यांत उंदीर. घरातले मळकट चोरटे न्हाईत. पांढरेशुभ्र, गुंजेसारखे लाल डोळे, कापसासारख्या अंथरुणात. पाणी प्यायला उलटी बाटली.

"ते पाणी कसलं?" छबूनं इचारलं.

"उकळून, गाळून, पुन्हा वाफवून. खाणं पण वाफवलेलं. अंथरुण पण."

"आमाला टँकरचं गढूळ. अन् ह्यांना."

"हं," आमिना म्हणली. "मलापण पहिल्या दिवशी लई राग आलता. पर ऐक. तुला काटा मोडला तर चार दिवसांत बरं व्हतं, कावून? अंगात राखणदार हायत. ह्यांच्या अंगात राखणदारच न्हाईत. जलमतःच न्हाईत. म्हणून तर माणसाचं रक्त ह्यांच्यात टिकतं, हाकलायला कोणी नसतं. पर म्हणूनच साधी शिंकबी ह्यांना मारती. गढूळ पाण्याचा एक थेंब बस."

तिनं एक पेटी काढली अन् गाळलेली हवा खेळणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवली. झाकण काढून आत हात घातले. एक उंदीर तळहातावर घेतला. बाकीचे पळायलेते, हा पळत नव्हता. पाठ कमानीसारखी, केस इस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

आई शेवटी अशीच बसायची. खाटेवर, पाठ वाकवून, केस इस्कटून, काहीच नको म्हणत.

"ह्येच्यात हाय?"

"ह्येच्यात. शेपटीच्या शिरेतून सोडलं. एवढंसं, डोळ्याला न दिसणारं. मंग काय झालं म्हाइतीय?" आमिनाचा आवाज बारीक झाला, ती ही गोष्ट पहिल्यांदाच सांगायली असं वाटावं. "ते रक्तातून फिरत फिरत गेलं अन् बरोबर हाडाच्या आत जाऊन बसलं. उंदराच्या हाडात. वाट कोणी सांगितली न्हाई. माणसात असताना त्याचं घर हाडात असतं, तर उंदरातबी त्यानं हाडच शोधलं. परका जीव, परकं अंग, पर घर बरोबर वळखलं. मी इतक्या वेळा बघितलंय, अजून माझ्या अंगावर काटा येतो."

छबूच्याबी आला, सगळ्या अंगावर. परड्यात सोडलेली गाय अंधारात आपल्याच गोठ्यात येऊन उभी राहती, तसं. ही गाय तर दुसऱ्याच मुलखात सोडलेली.

"अन् हा मेला की?"

"मरायच्या आधी ह्याच्यातलं काढायचं, दुसऱ्यात लावायचं. तुटू द्यायचं न्हाई."

विरजण, छबूच्या मनात आलं. अन् हात आपोआप कमरेकडं गेला.

आमिना उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढायला वाकलेली. दोन्ही हात कपाटात गुंतलेले. छबूनं डबी काढली. एवढंसं बोटाच्या टोकावर घ्यायचं, त्याच्या त्या गुलाबी पंजावर ठेवायचं, बस. पंजा माणसाच्या हातासारखाच व्हता, चार बारीक बोटं, नखं. ते बघून तिचा उरलासुरला इचार पक्का झाला. तिनं अंगठ्यानं डबीचं झाकण पिळायला घेतलं.

आमिनाला काचेत ती दिसली.

ती ओरडली न्हाई. हातात उंदीर व्हता. नुसतं म्हणली, "त्यात काय हाय, छबू?"

"दही. आईनं जागवलेलं. ती जाताना तिच्या हातावर कोणी ठेवलं न्हाई. आज ठेवणार. मंग तुमी ह्याला संपवा, न्हाईतर काहीबी करा."

"झाकण उघडू नकोस."

"कावून? दही काय इष..." अन् छबू थांबली. हेच वाक्य तिनं आधी एकदा म्हणलं व्हतं.

घुमणारा आवाज चालूच व्हता. आमिनानं उंदराला अंथरुणात सोडलं, हात बाहेर काढले न्हाईत.

"तुझ्या आईला दवाखान्यात दही देत व्हते का?"

"न्हाई."

"कावून देत नव्हते, कोणी सांगितलं का तुला?"

सांगितलं व्हतं. नर्स काहीतरी म्हणायली व्हती, पांढऱ्या पेशी, औषधानं मेल्यात, अंगात लढायला कोणी न्हाई. छबू इतकी जोरात ओरडायली व्हती की ते शब्द तिच्या कानाशी येऊन माघारी गेलते. आता ते परत आले. उंदराकडं बघितलं, मंग डबीकडं बघितलं. दह्यात जीव असतो, त्याच जिवावर दुधाचं दही व्हतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. रोज रातीला तीच तर तो जीव दुधात सोडती.

"म्हणजे आईबी अशीच झालती," ती म्हणली. "राखणदाराबिगर."

"हं."

"म्हणजे तिनं खाल्लं असतं तर..."

"कोण सांगावं. पर तू दिलं न्हाईस ना. संपलं."

छबूनं झाकण पुन्हा आवळलं. इतक्या जोरात की बोटावरचा रबरी मोजा ताणला गेला. मंग डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती फरशीवरच्या लाल पट्ट्याच्या मागं सरकली, अजून मागं, भिंतीला टेकेपस्तोर. आमिनानं उंदराच्या शेपटीतून राह्यलेला थेंब काढून घेतला, पेटी बंद केली, मंग स्पिरिटचा फवारा घेऊन डबी, छबूचे हात, फरशी, कपाट, सगळं पुसलं. पुसता पुसता सिरसाळ्याच्या बाजारातल्या चार शिव्या घातल्या. छबूला लई दिवसांनी कोणी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

बाहेरच्या खोलीत दुर्बीण व्हती, खाली वाकून बघायची. आमिनानं काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, रंगात बुडवला, वाळवला. "बघ."

आधी नुसता धूर दिसला. मंग आमिनानं चकती फिरवली अन् धुरातून जांभळं आभाळ वर आलं. गोल गोल, गच्च जांभळे, एकमेकांना चिकटून, जत्रेत वरून डोकी दिसावीत तसे. नारायणगडाच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून तिनं असंच बघितलं व्हतं.

"ह्यातले आईचे कोणते?"

"मोठे जांभळे, सगळे. पर नीट ऐक, खोटं सांगणार न्हाई. ही तुझी आई न्हाई. हे तुझ्या आईला खाल्लेलं हाय."

छबूनं डोकं वर काढलं. मंग पुन्हा वाकली. लई वेळ वाकून राह्यली.

"पर आईचंच."

"आईचंच. तिच्याच हाडात जलमलेलं, वाट चुकलेलं."

"अन् तुमी त्याला जपता. वाफवलेलं पाणी पाजून."

"जपावं लागतं. जितं ठेवल्याबिगर ते कशानं मरतं ते कळत न्हाई. हितं एकेक औषध लावून बघती. ह्या पेटीला न्हाई लावलं, शेजारच्या पेटीतबी तुझ्या आईचंच हाय, तिला लावलंय. तिथला उंदीर सकाळी चाकावर पळायलता. उद्या परवा सुस्त पडंलबी, सांगता येत न्हाई. माणसाला उपयोग व्हईल का, तेबी आज सांगता येत न्हाई. पर पळायलता."

"आईच्या बारीला कुठं व्हतं हे औषध?"

आमिना खुर्चीवर बसली. "रक्त मागायला मीच गेलते तिच्याकडं. तू दारात भांडायलतीस, तुझा आवाज आतपर्यंत. मी तिला सांगितलं, तुमाला ह्याचा उपयोग व्हायचा न्हाई, मागून येणाऱ्याला झाला तर व्हईल. एकातून दुसऱ्यात लावत जाणार. ती एवढी थकलेली, तरी हसली. म्हणली, विरजणच मागायलीस की पोरी. ने. दिवे लागायच्या आत ने."

छबूनं तोंडावरचं फडकं खाली वढलं अन् खिडकी नसलेल्या त्या भिंतीकडं बघत बसली. दिवे लागायच्या आत. आईच्या तोंडचंच व्हतं ते, दुसऱ्या कोणाला सुचणारच न्हाई. दवाखान्यात दिवे तर दिवसरात चालूच व्हते.

"मंग बंद करायचं ना?" आमिनानं इचारलं.

छबूनं डबी उचलली. उठली.

बाहेर आली तव्हा दिवस टेकला व्हता. कय्युमचाचाचा रिकामा टँकर फाटकाशी उभा. आमिना तिला सोडायला आली, कोट काढून, ओढणी नीट करून. फाटकावरची ट्यूब अजून लागली नव्हती. छबूनं ट्यूबकडं बघितलं, मावळतीकडं बघितलं अन् घाईघाईनं डबी उघडली.

"हात आण."

"मला?"

"तुझ्याशिवाय रोज आत कोण जातं? आण लवकर, दिवे लागतेल."

आमिनानं उजवा हात पुढं केला. छबूनं चिमूटभर दही त्यावर ठेवलं. आईसारखंच, अंगठ्यानं जरा दाबून.

"खा अन् जा. अन् माघारी ये. हरेक बारीला."

आमिनानं दही चाटून खाल्लं. डोळे मिटले. मंग एकदम म्हणली, "अगं बाई! आता ह्या तोंडानं मला आत जाता यायचं न्हाई. परत अंघोळ, परत सगळं, ते बी उद्याच."

"मंग उद्या जा. पाणी लई हाय तुमच्याकडं," छबू म्हणली, अन् पहिल्यांदा हसली.

फाटकावरची ट्यूब फडफडली अन् लागली. छबूनं डबीचं झाकण लावलं.

टँकर हमरस्त्याला लागला, तव्हा कय्युमचाचानं घसा साफ केला. "मिली क्या बेटी? आई भेटली का?"

रिकामा टँकर मागं ढमढम वाजत व्हता.

"न्हाई चाचा. तिला खाणारा भेटला. तिनंच त्याला धरून दिलाय. अन् त्याला हाडाची वाट म्हाइतीय."

"मग? मारून टाकला?"

"न्हाई. जितं ठेवा म्हणून म्याडमला दादाच सांगतेल, अंगठा त्यांचा हाय. दादाला फोन लावा."